तारेखालच्या चुंबकाची गोष्ट राहून गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला इलेक्ट्रिक गिटारवरचा लेख आवडीने वाचला. रॉकमधल्या नामवंत वादकांबद्दल त्यात भरभरून लिहिलं आहे. वाद्याबद्दल मात्र एकच ओळ आहे, आणि तीही चुकीची : साध्या गिटारला माइक जोडला की इलेक्ट्रिक गिटार होते. मी बरीच वर्षं हे वाद्य वाजवतो, फावल्या वेळात दुरुस्तही करतो. त्यामुळे राहवलं नाही.

माइक हवेतला आवाज टिपतो. इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप थेट तार टिपतो. पिकअप म्हणजे लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. ही तांब्याची तार केसासारखी बारीक असते. तुटलेलं टोक शोधायला मला भिंग घ्यावं लागतं. वरची पोलादी तार चुंबकाच्या सान्निध्यात स्वतःही किंचित चुंबक बनते. ती थरथरली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये अगदी क्षीण वीज उमटते. हे तत्त्व शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडेने 1831 मध्येच दाखवून दिलं होतं. ती वीज ॲम्प्लिफायरने वाढवली की आपल्याला सूर ऐकू येतो. म्हणूनच या गिटारला नायलॉनच्या तारा लावल्या तर असा पिकअप मुका राहतो. आणि पिकअप तारांच्या फार जवळ आला, तर चुंबक जाड तारांना ओढून धरतो; सूर लवकर विझतो, थोडा बेसूरही लागतो. अशा वेळी स्क्रू थोडा फिरवून पिकअप जरासा खाली घ्यायचा. तोच सूर मोकळा होतो, लांबतो. हा अनुभव दर वेळी मला नव्याने आनंद देतो.

हे सगळं झालं ते गिटार ऐकूच येत नव्हती म्हणून. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोनच्या ताफ्यात तिचा आवाज बुडून जायचा. 1931 मध्ये जॉर्ज बोशाम या अमेरिकी वादकाने नालेच्या आकाराची चुंबकं वापरून पिकअप बनवला आणि अडॉल्फ रिकनबॅकरच्या साथीने 1932 मध्ये गिटार बाजारात आणली. ती होती हवाईयन पद्धतीची, म्हणजे मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची. ओतीव ॲल्युमिनियमची, गोल अंगाची आणि लांब दांड्याची. लोकांनी तिचं नावच ‘फ्राइंग पॅन’ पाडलं. पेटंट मिळेपर्यंत 1937 साल उजाडलं आणि तोवर इतर कंपन्यांच्या विजेवरच्या गिटारी आल्याही होत्या.

पुढची अडचण वेगळी होती. पोकळ गिटारचा आवाज वाढवला की स्पीकरच्या आवाजाने तिची लाकडी पाठपोट थरारायची आणि ॲम्प्लिफायर किंचाळायला लागायचा. यावर उपाय म्हणजे भरीव लाकूड. 1940 च्या सुमारास लेस पॉल या अमेरिकी गिटारवादकाने पाइनच्या चौकोनी ठोकळ्यावर पिकअप बसवले आणि लोकांना ती गिटार वाटावी म्हणून दोन्ही बाजूंना साध्या गिटारचे अर्धे तुकडे जोडले! पण भरीव गिटार खऱ्या अर्थाने घरोघरी नेली ती लिओ फेंडरने, 1950 पासून. तो मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा, त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. मला वाटतं, म्हणूनच त्याने तिच्याकडे दुरुस्तीवाल्याच्या नजरेने पाहिलं : गिटारचा दांडा चार स्क्रूंनी जोडलेला, बिघडला तर बदलून टाका.

वादकांनीही या वाद्यात भर घातली आहे. फेंडरच्या 1954 च्या स्ट्रॅटोकास्टर या गिटारला तीन पिकअप आणि त्यातला कोणता वाजवायचा ते ठरवणारा तीन खाचांचा स्विच होता. वादक तो मुद्दाम दोन खाचांच्या मध्ये अडकवायचे, कारण दोन पिकअप एकत्र वाजले की वेगळाच चमकदार आवाज यायचा. कंपनीने पाच खाचांचा स्विच दिला तो थेट 1977 मध्ये. फझ हा फाटका आवाजही असाच, बिघाडातून आलेला. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत ध्वनिमुद्रण चालू असताना यंत्रातला एक भाग बिघडला आणि बास गिटारचा आवाज गुरगुरत निघाला. तो तसाच ठेवला आणि 1961 मध्ये ते गाणं गाजलं. पुढच्याच वर्षी तो आवाज काढून देणारी पायाने दाबायची पेटी विक्रीला आली.

आता माझी खरी तक्रार. लेखात चार्ली ख्रिश्चनचं नाव नाही. 1939 मध्ये जॅझ वादक बेनी गुडमनच्या ताफ्यात येऊन ज्याने गिटारला ठेका धरण्याच्या कामातून बाहेर काढून सॅक्सोफोनच्या बरोबरीने बोलतं केलं आणि 1942 मध्ये अवघ्या 25 व्या वर्षी जो क्षयाने गेला, तो हा वादक. सिस्टर रोझेटा थार्पही नाही. ही कृष्णवर्णीय बाई चर्चची भक्तिगीतं गात विजेवरची गिटार अशी वाजवायची की पुढच्या रॉकवाल्यांनी तिच्याकडून शिकावं, आणि ते शिकलेही. ती 1973 मध्ये वारली. रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये तिचं नाव लागलं 2018 मध्ये. 1964 मध्ये मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकात, पावसाळी हवेत, जाड कोट घालून तिने केलेल्या कार्यक्रमाचं चित्रीकरण उपलब्ध आहे. लेखकांनी ते जरूर पाहावं आणि पुढच्या पुरवणीत तिच्यावर स्वतंत्र लेख लिहावा, ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक