स्वस्त ग्राफिक्स कार्डाची कसोटी जुन्या संगणकावरही लागावी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

नवे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचे चित्र तयार करणारा भाग, बाजारात आले की त्याची परीक्षणे वृत्तपत्रांच्या तंत्रज्ञानविषयक पानांवर लगोलग येतात. ती मेहनतीने केलेली असतात, याबद्दल दुमत नाही. परंतु कार्ड तपासले जाते ते बहुतेक वेळा त्या घडीच्या सर्वांत वेगवान प्रोसेसरच्या आणि अद्ययावत मदरबोर्डच्या संगणकावर. महागड्या कार्डाच्या बाबतीत हे योग्यच आहे. स्वस्त कार्ड घेणाऱ्याकडे मात्र सहसा काही वर्षांचा जुना संगणक असतो आणि तो पूर्ण बदलणे परवडत नाही म्हणूनच तो फक्त कार्ड बदलत असतो. परीक्षणातला आकडा त्याला स्वतःच्या संगणकावर मिळेलच असे नाही आणि तो का मिळाला नाही, हेही त्याला कळत नाही.

एएमडीने जानेवारी २०२२ मध्ये आणलेले रेडिऑन आरएक्स ६५०० एक्सटी हे याचे सर्वांत ठळक उदाहरण आहे. या कार्डावर ४ गीगाबाइट मेमरी असून तिचा वेग सेकंदाला १४४ गीगाबाइट आहे, जो या दर्जाच्या कार्डाला चालून जावा. अडचण कार्ड आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेत आहे. ही वाट म्हणजे पीसीआय एक्स्प्रेस. तिच्या मोठ्या स्लॉटमध्ये माहिती वाहून नेणाऱ्या १६ लेनची सोय असते, पण हे कार्ड त्यांतल्या चारच वापरते. पीसीआय एक्स्प्रेसच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर या चार लेनमधून सेकंदाला सुमारे ८ गीगाबाइट माहिती जाते, तर तिसऱ्या पिढीच्या जुन्या मदरबोर्डवर सुमारे ४ गीगाबाइटच. खेळाचे टेक्स्चर, म्हणजे दृश्यातल्या वस्तूंवर चढवलेली चित्रे, कार्डावरच्या मेमरीत मावत आहेत तोवर हा फरक फारसा जाणवत नाही. मेमरी भरली की उरलेला माल संगणकाच्या रॅममधून याच अरुंद वाटेने आणावा लागतो. सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे पडद्यावरची ६० चित्रे, हव्या असतील तर एका फ्रेमच्या वाट्याला सुमारे १६.७ मिलिसेकंद येतात आणि जुन्या मदरबोर्डवर तेवढ्या वेळात जेमतेम ६५ मेगाबाइट माहिती येऊ शकते. त्यामुळे खेळातली गाडी सरळ रस्त्यावर सुरळीत धावते, पण नव्या गल्लीत वळताच चित्र क्षणभर अडकते आणि मग पुढे उडी घेते. सरासरी फ्रेमरेट पाहिला तर तो ठीकठाक दिसतो, कारण असे अडकलेले क्षण सरासरीत बुडून जातात. ते दिसतात सर्वांत संथ एक टक्का फ्रेमच्या आकड्यात, जो अनेक परीक्षणांत दिलेलाच नसतो. अशा वेळी टेक्स्चरचा दर्जा एक-दोन पायऱ्या खाली आणला तर खेळ पुष्कळ सुधारतो, हेही येथे सांगायला हवे. मात्र त्याच कंपनीच्या २०१९ सालच्या आरएक्स ५५०० एक्सटीला आठ लेन होत्या, ८ गीगाबाइट मेमरीची आवृत्ती होती आणि व्हिडिओ एन्कोड करण्याची, म्हणजे रेकॉर्डिंगसाठी तो आटोपशीर रूपात साठवण्याची, सोयही चिपमध्येच होती. नव्या कार्डात ही सोय नाही. पुढच्या पिढीचे कार्ड या बाबतीत मागे जावे, हे मला पटत नाही.

दुसरी बाब नावांची. एनव्हिडियाचे जीटी १०३० हे कार्ड २०१७ मध्ये जीडीडीआर५ या वेगवान प्रकारच्या मेमरीसह आले, तेव्हा तिचा वेग सेकंदाला ४८ गीगाबाइट होता. पुढच्याच वर्षी त्याच नावाने डीडीआर४ या संथ मेमरीची आवृत्ती आली आणि तो वेग १६.८ गीगाबाइटवर, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांशावर घसरला. आरटीएक्स ३०५० च्या बाबतीतही तेच झाले. २०२२ च्या ८ गीगाबाइटच्या कार्डात २५६० कोअर (गणिते करणारे छोटे घटक) होते, तर २०२४ मध्ये आलेल्या ६ गीगाबाइटच्या कार्डात २३०४ कोअर आहेत आणि मेमरी बस, म्हणजे चिप आणि मेमरी यांच्यामधली वाट, १२८ बिटवरून ९६ बिटवर आली आहे. वास्तविक हे दुसरे कार्ड उपयोगाचे आहे. त्याची विजेची गरज ७० वॅटची असल्यामुळे ती स्लॉटमधूनच भागते, पॉवर सप्लायची वेगळी वायर लागत नाही आणि त्यामुळे कार्यालयातून काढलेल्या जुन्या तयार संगणकातही ते बसू शकते. अशा कार्डाला स्वतःचे नाव दिले असते तर ग्राहकाने त्याचे स्वागतच केले असते. आता त्याला वाटते की फरक फक्त २ गीगाबाइट मेमरीचा आहे.

इंटेलच्या आर्क बी५८० या डिसेंबर २०२४ मधल्या कार्डाची गोष्ट थोडी वेगळी आहे. १२ गीगाबाइट मेमरी आणि १९२ बिटची बस या दर्जाच्या कार्डात क्वचितच मिळते आणि त्याबद्दल कंपनीचे कौतुक करायलाच हवे. परंतु प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकाच वेळी वापरू देणारी रिसाइझेबल बार ही सोय बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू नसेल तर हे कार्ड बरेच मंदावते, आणि जुन्या प्रोसेसरबरोबर काही खेळांत ती सोय असूनही मागे पडते. म्हणजे स्वस्त कार्डाला पुन्हा नव्या संगणकाची अट आलीच.

फ्रेम जनरेशनच्या, म्हणजे खऱ्या फ्रेमच्या मध्ये कार्डाने स्वतः बनवलेल्या फ्रेम घालण्याच्या तंत्राच्या, आकड्यांबद्दल एवढेच म्हणतो की मुळातच ३० फ्रेमवर रखडणारे कार्ड त्याने चपळ होत नाही. पडद्यावरच्या फ्रेम वाढतात, पण बटण दाबल्यापासून परिणाम दिसेपर्यंतचा वेळ कमी होत नाही, शिवाय या तंत्राला स्वतःसाठी थोडी मेमरी लागते आणि स्वस्त कार्डात नेमकी तिचीच टंचाई असते. अशा आकड्यांची तुलना जुन्या कार्डाच्या खऱ्या फ्रेमशी करून 'दुप्पट वेग' छापणे हे ग्राहकाशी प्रामाणिक वागणे नव्हे.

म्हणून आपल्या वृत्तपत्राला माझी विनंती आहे की स्वस्त कार्डाचे परीक्षण छापताना ते पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीच्या मदरबोर्डवर आणि काही वर्षे जुन्या प्रोसेसरवरही तपासून घ्यावे, आणि सरासरीच्या शेजारी सर्वांत संथ एक टक्का फ्रेमचा आकडाही द्यावा. मेमरीचा प्रकार, बसची रुंदी आणि लेनची संख्या या तीन गोष्टी उत्पादकांनी खोक्यावर ठळक अक्षरांत छापाव्यात आणि यांपैकी एक जरी बदलली तरी कार्डाचे नाव बदलावे, ही मागणीही आपण लावून धरावी.

आपला,
एक नियमित वाचक