बाबा, राफ्टमध्ये तुम्ही नाही

ती. आई-बाबा,
शि. सा. नमस्कार.

फोनवर बोलता आलं असतं, पण फोनवर बाबा "बघू" म्हणतात आणि आई "तुमचं काय ते ठरवा" म्हणून कुकरकडे उठून जाते. म्हणून लिहिते आहे. दोघांनी एकत्र बसून वाचा. आणि बाबा, मोठ्याने वाचताना मधल्या ओळी गाळायच्या नाहीत.

आधी मुद्द्याचं. वेस्ट व्हर्जिनियातलं केबिन बुक झालंय. जुलैत, चार तारखेच्या इथल्या स्वातंत्र्यदिनाची गर्दी ओसरली की आपण सगळे न्यू रिव्हर गॉर्जला, म्हणजे न्यू नदीच्या दरीतल्या राष्ट्रीय उद्यानात, जातोय. तुम्हाला विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर आईने "आम्ही घरीच बरे, तुम्ही जाऊन या" म्हटलं असतं आणि बाबांनी खर्च विचारला असता. पैसे भरून झालेत आणि ते परत मिळत नाहीत. आता बाबा, तुम्हीच सांगा, भरलेले पैसे वाया घालवायचे का? बाकी पार्कात शिरायला तिकीट नाही. गेटच नाही तिथे. हे वाचून तुम्हाला बरं वाटेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

गेल्या महिन्यापासून तुम्ही मला त्या नदीचे व्हिडिओ पाठवताय. रात्री दोन वाजता, चार वाजता. झोप येत नाही का, हे मी वेगळं विचारणार आहेच. त्या व्हिडिओंचा अर्थ मला कळत नाही असं समजू नका. तर ऐका: राफ्टमध्ये, त्या रबरी होडीत, तुम्ही नाही. मी आणि ईशान जाणार. सागर तुमच्याबरोबर काठावर थांबणार.

तुमचं म्हणणं मला आत्ताच ऐकू येतंय. "अगं, वरचा टप्पा तर पोरासोरांचा आहे." आहेच. थर्मंड गावाच्या वरच्या बाजूला नदी बऱ्यापैकी शांत असते, पाणी पहिल्या ते तिसऱ्या श्रेणीचं. खालच्या टप्प्यात ते पाचव्या श्रेणीपर्यंत जातं, तिकडे आम्हीही जात नाही. पण शांत पाण्यातसुद्धा माणूस राफ्टमधून पडतो, आणि पडला की त्याला जॅकेटचे खांदे धरून हिसका देऊन वर ओढतात. गेल्या वर्षी तुमच्या छातीचं हाड तारेने शिवलंय, बाबा. तुम्ही विसरलात, मी विसरलेले नाही. शिवाय कंपनीच्या फॉर्मवर हृदयविकार आहे का असा प्रश्न असतो. तिथे तुम्ही "नाही" लिहिणार आणि खाली मी सही करणार, हे व्हायचं नाही.

लिहिताना मला बरं वाटत नाहीये. पाण्याची भीती मोडली ती तुम्हीच. कृष्णा घाटावर पाठीला डबा बांधून, पोटाखाली हात धरून, "पाय मार, मने, पाय मार" करत. हात काढून घेतला तरी "धरलाय, धरलाय" म्हणत राहायचात. आणि आता मीच तुम्हाला काठावर बसा म्हणते. रुसायचं तर रुसा, पण इथे येऊन रुसा.

आई, आता तुझ्याकडे वळते. घाटाच्या शेवटच्या पायरीवर तू अजून उतरत नाहीस, ते का हे मला माहीत आहे. त्याबद्दल मी काही बोलणार नाही. एवढंच सांगते, ईशानच्या अंगात जॅकेट असेल, डोक्यावर हेल्मेट असेल, राफ्टमध्ये शिकलेला गाइड असेल आणि मी त्याच्या शेजारी असेन. जॅकेटचे पट्टे मी स्वतः ओढून बघणार. तुला जमणार नसेल तर त्या सकाळी केबिनवरच थांब, कोणी काही म्हणणार नाही. पण जमलं तर ये. का, ते पुढे लिहिलंय.

बाबा, राफ्टच्या बदल्यात तुमच्यासाठी मी दुसरं काहीतरी ठरवलंय. त्या दरीवर एक पूल आहे, 1977 साली पुरा झालेला. पोलादी कमान, गाळा 1,700 फुटांचा, पुलाची लांबी 3,030 फूट आणि नदीपासून उंची 876 फूट. पूल व्हायच्या आधी गाड्या नागमोडी रस्त्याने तळापर्यंत उतरून पलीकडे चढायच्या, त्यात चाळीसेक मिनिटं जायची. आता मिनिटभरसुद्धा लागत नाही. तुम्ही उभी नोकरी गर्डर रंगवून घेण्यात काढलीत ना? या पुलाला रंगच नाही. कॉर-टेन पोलाद आहे, वरचा गंज घट्ट बसतो आणि तोच आतल्या लोखंडाला राखतो. लांबून तांबूस दिसतो. अंकलीच्या पुलाचा हिशेब तुम्ही मनातल्या मनात सुरू करणार हे मला ठाऊक आहे.

त्या पुलाच्या पोटात, रस्त्याच्या खाली, तपासणीसाठी केलेली 24 इंच रुंदीची वाट आहे. त्या वाटेवरून माणसांना नेतात. कमरेला पट्टा, पट्टा वरच्या केबलला अडकवलेला, पुढे गाइड. बहुतेक सगळी सपाट चाल, घाई नाही, डोक्यावरून ट्रक गेला की गडगडाट होतो म्हणतात. सागर आणि तुम्ही, दोघांचं नाव घातलंय. आई, पत्र खाली ठेवू नकोस. यांनी जन्मभर ट्रॉलीवरून आणि गर्डरवरून याहून वाईट जागी फिरून काढलंय. 2005 च्या पुरात रात्रभर पुलावर होते तेव्हा पट्टा कुठे होता? रोज सकाळी घाटापर्यंत चालतात, दम लागत नाही. मात्र बाबा, अट आहे. आपल्या डॉक्टरांना नीट विचारायचं: किती लांब, किती उंच, ऊन किती, सगळं सांगून. "अमेरिकेला जातोय, फिरू ना?" असं मोघम विचारून होकार आणायचा नाही. ते नाही म्हणाले तर नाही. त्या बुकिंगचे पैसे गेले तरी चालतील, ते मी आधीच सोडलेत.

राहण्याची काळजी करू नका. केबिनला स्वयंपाकघर आहे, चार शेगड्यांची चूल आहे, कुकर मी घरून घेणार. तुमची झोपायची खोली खालीच, जिना चढायचा नाही. बाथरूमला धरायला कठडा आहे की नाही हे मी फोन करून विचारलं, आहे. कमोडच आहे, पाण्यासाठी प्लास्टिकचा मग मी नेणार आहे, आई, त्यावरून मनात काही आणू नकोस. सकाळी दरीत धुकं असतं आणि गारवा असतो, म्हणून स्वेटर हवा, दुपारी मात्र उकडतं. घरापासून गाडीने पाचेक तास, पण आपण सात लावू. मधे थांबे घ्यायचे, बाबांनी पाय मोकळे करायचे. रस्ता बराचसा महामार्गाचा आहे, आंबा घाटासारखी वळणं नाहीत, तरी आल्याच्या वड्या जवळ ठेव. नदीतळाशी जाणारा तो जुना वळणांचा रस्ता तुझ्यासाठी मी गाळलाय. बेकलीला मोठी रुग्णालयं आहेत, अर्ध्या तासावर. दरीत मोबाइलला रेंज बेताचीच, म्हणून नकाशा कागदावर काढून ठेवणार आहे.

आणि थर्मंड. हे खास बाबांसाठी. कोळशाच्या दिवसांत गजबजलेलं गाव. गावाला रस्ता नव्हता, दुकानांच्या दारासमोरून थेट रूळ. वाफेची इंजिनं गेली, डिझेल आलं आणि गाव रिकामं झालं. 2010 च्या जनगणनेत तिथे पाच माणसं होती. स्टेशनची इमारत मात्र नीट केलीय, आणि उतारू असेल तरच थांबणारी गाडी अजून तिथे येते. कार्डिनल तिचं नाव, आठवड्यातून तीन दिवस. संध्याकाळी येते, आपण त्या दिवशी तिथेच असू. मिरजेत तिन्ही गेज पाहिलेल्या माणसाला याचं काय कौतुक, असं म्हणाल, पण बघा तरी. गाडी उशिरा आली तर स्टेशनमास्तर शोधायला जायचं नाही. तिथे कोणी नसतो.

नदीवर तिथे रेल्वेचा पूल आहे, त्यालाच चिकटून मोटारींचा एकपदरी रस्ता. आमची राफ्ट सकाळी त्या पुलाखालून जाईल असं कंपनीने सांगितलंय. आई, म्हणून म्हटलं, जमलं तर ये. ईशानला तुला हात करायचाय. गेल्या आठवड्यापासून त्याचं तेच चाललंय.

तुला खरं आवडेल ते ग्रँडव्ह्यू. गाडीपासून थोडं चाललं की कठडा, आणि 1,400 फूट खाली नदी वळताना दिसते. त्या दिवसांत तिथल्या झाडीत रोडोडेंड्रॉन फुलतं, पांढरं-गुलाबी. दुसरं म्हणजे सँडस्टोन फॉल्स. उंच नाही, दहा ते पंचवीस फूट, पण रुंदी 1,500 फुटांची, सगळी नदीच पायरी उतरते. लाकडी वाटेवरून जायचं, तिला कठडे आहेत. साप विचारू नकोस. आहेत. वाटेवरून खाली उतरायचं नाही, एवढंच.

आता सूचना. पार्कच्या केंद्रामागे दोन कट्टे आहेत पूल बघायला. पहिला बघायचा. दुसऱ्यासाठी 178 पायऱ्या उतराव्या लागतात आणि तेवढ्याच चढाव्या लागतात, त्याचं नाव काढायचं नाही. बाबा, मी राफ्टमध्ये असताना "जरा बघून येतो" असं सागरला सांगून सटकायचं नाही, तो तुम्हाला नाही म्हणू शकत नाही हे तुम्हाला माहीत आहे. बूट नवे घ्या आणि आत्तापासून घाला, विमानात बसताना खोक्यातून काढू नका. गोळ्या मूळ पाकिटातच आणा, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट, आणि हातातल्या बॅगेत. विम्याच्या फॉर्मवर ऑपरेशन लपवू नका. आई, गोडा मसाला आण, मेतकूट आण, बी-बियाणं आणू नकोस.

घराचं म्हणाल तर पावसाळ्यात कुलूप लावून यायला बाबांचं मन होत नाही, मला कळतं. 2019 च्या पुरानंतर तर जास्तच. वरच्या माळ्यावर कागदपत्रं आणि देवघर हलवायला शेजारच्यांना सांगून ठेवलंय, ते स्वतःहून हो म्हणाले. पाणी वाढलंच तर तुम्ही तिथे असून काय करणार होतात? मागच्या वेळी बाबा गुडघाभर पाण्यात मीटरबोर्ड बघायला उतरले होते. या वर्षी पाऊस पडेल तेव्हा तुम्ही माझ्यासमोर असाल, एवढा एक जुलै तरी मला झोप लागू दे.

सागरचा नमस्कार, ईशानचा पापा.

तुमची,
मनू

ता. क. डॉक्टरांनी काय लिहिलं त्याचा फोटो लगेच पाठवा. पूर्ण कागद दिसू दे, अंगठा मधे येऊ देऊ नका. आणि तारीख दिसली पाहिजे, बाबा, जुनाच कागद पाठवाल.