अंदमानच्या वाटाड्यादादांना खान्देशातून पत्र

दादा, सप्रेम नमस्कार.

दिवाळीच्या सुट्टीत आमच्या नऊ वर्षांच्या पोराला तुम्ही माउंट मणिपूरच्या, म्हणजे जुन्या माउंट हॅरिएटच्या, जंगलात फिरवलंत, त्याबद्दल आभार. पण त्याहून जास्त आभार पंधरा दिवस आधी पाठवलेल्या सूचनांचे. आम्ही जळगावकडची माणसं. 45 डिग्रीचं ऊन आम्हाला कुणी शिकवू नये; ओल मात्र शिकावीच लागते. इकडे वर्षाचा पाऊस 700 मिलिमीटरच्या आसपास, तिकडे 3000. इकडे घाम वाळतो म्हणून अंग गार पडतं. तिकडे तो नुसता निथळतो आणि पोर पाणी मागायच्या आधीच मलूल होतं. म्हणून तर तुम्ही बजावलंत: ओआरएसची मोठी पुडी अख्खी एक लिटर पाण्यात, अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात नाही.

जीन्स नको, हेही बरोबर. भिजली की जड होते आणि दिवसभर वाळत नाही. पातळ नायलॉनची पँट, तिच्या पायांवरून ओढलेले लांब मोजे, आणि आधी दोन आठवडे घरी वापरून सैल केलेले बूट.

जळवांची भीती आईबापांनाच जास्त. आमची मिठाची पुडी तुम्ही पिशवीत परत ठेवायला लावलीत ते योग्यच. मीठ टाकलं किंवा चटका दिला तर जळू पोटातलं जखमेत ओकते, ओढली तर जखम चिघळते. आधी निमुळत्या टोकाकडे, म्हणजे तोंडाकडे, नख सरकवायचं, मग जाड टोक सोडवायचं. तिच्या लाळेमुळे रक्त गोठत नाही, त्यामुळे तासभर झिरपलं तरी घाबरायचं नाही. साबणाने धुऊन कापूस दाबून धरायचा.

वेताच्या वेलीचंही तसंच. तिचे काटे मागे वळलेले असतात. शर्ट अडकला की पोरं पुढे हिसका देतात आणि कापड फाटतं. एक पाऊल मागे आलं की काटा आपोआप सुटतो.

सगळ्यात भारी होतं ते पानावर पाणी ओतणं. बाटलीतून बारीक धार सोडलीत आणि पाणी पानाच्या शेपटीसारख्या टोकावरून टपटप गळून पान लगेच कोरडं. आमच्या पाराच्या पिंपळालाही तसंच टोक असतं, पण ते बघायला अंदमानला जावं लागलं! पडाऊकच्या बुंध्याला फळ्यांसारखी उभी मुळं का, तर मुळं खोल जात नाहीत आणि झाड उंच, त्याला टेकू हवा. त्या दोन फळ्यांच्या मधे पोरगं उभंच्या उभं मावलं.

पडाऊकची चपटी, गोल पंखाची शेंग घरी नेऊ दिली नाहीत, वहीत काढायला लावलीत. राष्ट्रीय उद्यानातून काही उचलायचं नाही, हे आम्ही सांगितलं असतं तर रडारड झाली असती.

नोव्हेंबरात तिकडे पाचच्या आत सूर्य मावळतो, आमच्याकडे पावणेसहाला. झाडीत तर चारलाच अंधारून येतं. तुम्ही तीनला परत फिरवलंत तेव्हा पोरगं रुसलं होतं, आता नाही.

यादीत एक भर घाला: चष्मेवाल्या पोरांना चष्म्याला दोरी आणि खिशात सुती फडकं. काच सारखी धुकट होते, पोर ती ओल्या शर्टाला पुसतं आणि चष्मा चिखलात जातो.

इकडे यायचं तर मे महिन्यात नको. डिसेंबर-जानेवारीत या, भरिताची वांगी तेव्हाच चांगली.

आपले,
पोराचे आईवडील