नोटिशीआधी वैरण पोचवा

महोदय,

पंचगंगा राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांच्या इशारा पातळीकडे सरकू लागली की नदीकाठच्या गावांत स्थलांतराच्या नोटिसा निघतात. कायदा कडक आहे. आपत्ती व्यवस्थापन कायदा 2005च्या कलम 51खाली असा आदेश धुडकावणाऱ्याला एक वर्षापर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. सरकारी अधिकाऱ्याचा आदेश मोडल्याबद्दलचे भारतीय न्याय संहितेचे कलम 223 आणखी वेगळे. पण त्याखाली न्यायालयात जायचे तर आदेश देणाऱ्या अधिकाऱ्याने किंवा त्याच्या वरिष्ठाने लेखी तक्रार द्यावी लागते. पूर ओसरल्यावर तहसीलदार पंचनाम्यांच्या मागे असतात. भिंत पडलेल्या माणसावर तेव्हा खटला कोण भरणार? गावाला हे पक्के ठाऊक आहे.

माणूस मागे राहतो तो गोठ्यापायी. दुभत्या म्हशीला दिवसाला 20 किलोच्या आसपास ओला चारा आणि वर 5-6 किलो वाळली वैरण लागते. निवारा केंद्रावर वैरण नाही, दूध घालायची सोय नाही, असे कळले की घरटी एक जण दावणीपाशी थांबतोच. पुढे 43 फुटांची धोका पातळी ओलांडून रस्ता पाण्याखाली गेला, की होडीत माणसे बसतात, म्हशी नाही. म्हणून टेम्पो आणि चढवायला फळ्या 39 फुटांच्या आतच गावात हव्यात. गाभण जनावरे पहिल्या खेपेत न्यावीत.

दुसरी अडचण भिंतीवरच्या जुन्या खुणेची. 2005चे पाणी इथवरच आले होते, या भरवशावर 2019ला कित्येक जण थांबले. पाणी 55 फुटांच्या वर गेले. 2021ला तर 56च्याही वर.

शेजारपाजारचा दबाव नोटिशीपेक्षा चालतो, पण तो दोन्हीकडे ओढतो. गल्लीतले मोठे घर हलले की गल्ली हलते, ते बसून राहिले की सगळेच बसतात. पोलीस पाटील आणि तरुण मंडळाने ते घर दिवसाउजेडी आधी गाठावे. भोंग्यावरून नावे पुकारू नयेत, हट्टी माणूस त्याने आणखी अडतो.

पोलिसी बडगा हवा तो बुडालेल्या पुलावर. तिथे दुचाकीस्वाराला समजावत बसण्यात अर्थ नाही. बॅरिकेड आणि जागचा न हलणारा शिपाई हवा. उरलेले पोलीस रात्री कुलूपबंद गल्ल्यांतून होडीने फिरवावेत, कारण चोरीच्या धास्तीनेही माणसे मागे राहतात. आणि बाहेर पडतानाच प्रत्येक कुटुंबाला नोंदीची चिठ्ठी द्यावी, म्हणजे पंचनाम्यात नाव गळेल ही भीती उरणार नाही.

– एक वाचक, शिरोळ (जि. कोल्हापूर)