नकाशाच्या रंगांसाठी ताईंचे जाहीर आभार

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

आमच्या शाळेच्या भूगोलाच्या वर्गासाठी महाराष्ट्राचा विभागवार नकाशा इंकस्केप या चित्रे काढण्याच्या संगणक-प्रणालीत तयार करताना आपण जी मदत केलीत, तिच्याबद्दल आपले आभार जाहीरपणे मानावेत असे मनापासून वाटले. कारण आपण दाखवलेली रीत नकाशे आणि आकृत्या काढणाऱ्या कोणत्याही शिक्षकाच्या उपयोगी पडेल.

महाराष्ट्रात ६ महसुली विभाग आणि ३६ जिल्हे आहेत. एखादा जिल्हा निवडून खालच्या रंगपट्टीवर क्लिक केले की आतला रंग बदलतो आणि शिफ्ट दाबून क्लिक केले की कडेचा, एवढे मला ठाऊक होते. परंतु मराठवाड्याची छटा थोडी गडद करायची म्हटले, तरी त्यातले आठही जिल्हे पुन्हा वेचून काढावे लागत. त्यावर आपण आधी एडिट मेनूमधले ‘सिलेक्ट सेम’ दाखवलेत, ज्याने एकाच रंगाच्या सर्व आकृत्या एकदम निवडल्या जातात. आणि मग त्याहून मोलाची गोष्ट सांगितलीत, ती म्हणजे स्वॉच, म्हणजे फाईलमध्ये एकदाच साठवून अनेक आकृत्यांना देता येणारा रंग. प्रत्येक विभागासाठी एक स्वॉच करून तो त्या विभागातल्या सर्व जिल्ह्यांना दिला, की पुढे स्वॉचचा रंग बदलताच सगळे जिल्हे आपोआप बदलतात. विभागाचा रंग एकाच ठिकाणी नोंदवलेला असल्यामुळे आता पालघरपासून सिंधुदुर्गापर्यंतचे कोकण एका क्लिकमध्ये निवडून एका सरकपट्टीने रंगवता येते.

जिल्ह्याच्या ठिकाणांसाठी मी एका ठिपक्याचे क्लोन (मूळ आकृतीशी जोडलेल्या प्रती) वापरले होते आणि त्यांचा रंग काही केल्या बदलत नव्हता. याचे कारण आपण ज्या धीराने समजावलेत, त्याची मला विशेष कृतज्ञता वाटते. मूळ ठिपक्याला स्वतःचा रंग असेल तर क्लोनला दिलेला रंग लागू होत नाही. म्हणून ‘फिल अँड स्ट्रोक’मधल्या प्रश्नचिन्हाच्या बटणाने मूळ ठिपक्याचा रंग ‘अनसेट’ करायचा, म्हणजे प्रत्येक क्लोन त्याला दिलेला रंग घेतो आणि आकार मात्र मूळ ठिपक्याचाच राहतो. ‘रंग नाही’ आणि ‘रंग ठरवलेला नाही’ या दोन निराळ्या अवस्था आहेत, हे कळल्यावर एसव्हीजी (इंकस्केप ज्या स्वरूपात चित्र साठवते त्या) फाईलची रचनाच उलगडल्यासारखी झाली.

जिल्ह्यांच्या सीमा ठळक ठेवून आतला रंग फिका करायचा असेल तर संपूर्ण आकृतीची ओपॅसिटी (अपारदर्शकता) कमी न करता फक्त फिलचा, म्हणजे आतल्या रंगाचा, अल्फा (त्या रंगाची अपारदर्शकता) कमी करावा, हेही आपलेच सांगणे. आणि शाळेत या नकाशाच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्स प्रती निघणार, हे तर आपण मी न सांगताच ओळखलेत. पिवळा आणि निळा यांची, रंग आकड्यांत मांडणाऱ्या एचएसएल पद्धतीतली ‘एल’ (उजळपणा) ही किंमत सारखी असली, तरी करड्या छटेत पिवळा उजळ आणि निळा गडद दिसतो. त्यामुळे आकड्यांवर न विसंबता व्ह्यू मेनूमधून नकाशा ग्रेस्केलमध्ये (करड्या छटांत) पाहावा, या आपल्या सूचनेमुळे शेजारशेजारचे विभाग झेरॉक्समध्येही वेगळे ओळखू येतात.

पूर्ण झालेली फाईल सोबत पाठवत आहे. सहाही स्वॉच तिच्यात तसेच ठेवले आहेत. विदर्भातल्या दोन विभागांच्या छटा मला अजून जरा जवळच्या वाटतात. आपल्या नजरेने पाहून त्या बदलाव्यात, ही विनंती.

आपली कृतज्ञ,
एक भूगोल शिक्षिका