अ‍ॅब्लेशनच्या बातमीतला राहून गेलेला आकडा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

यकृताच्या कर्करोगावरील अ‍ॅब्लेशन उपचाराचे वर्णन अलीकडे बातम्यांत आणि जाहिरातींत 'टाके नाहीत, चिरफाड नाही, दुसऱ्या दिवशी घरी' अशा शब्दांत वाचायला मिळते. ते खोटे नाही. माझ्या थोरल्या भावाला भूल दिल्यावर डॉक्टरांनी सीटी स्कॅनच्या पडद्यावर पाहत उजव्या बरगड्यांच्या फटीतून एक लांब सुई थेट गाठीत नेली आणि मायक्रोवेव्हच्या उष्णतेने ती गाठ काही मिनिटांत जाळून टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या कुशीवर एक चिकटपट्टी होती आणि चहा कोमट आला म्हणून तो कुरकुरत होता.

मात्र या वर्णनांत एक आकडा बहुधा नसतो : 3 सेंटीमीटर. हा उपचार सर्वांत खात्रीचा ठरतो तो साधारण एवढ्या किंवा याहून लहान गाठीसाठी, आणि 2 सेंटीमीटरपर्यंतच्या एकट्या गाठीत तर त्याचे फलित शस्त्रक्रियेच्या जवळपास जाते. गाठीबरोबर तिच्या भोवतीची पाच ते दहा मिलिमीटरची कडही जळावी लागते, त्यामुळे गाठ वाढली की जाळायचा भाग त्याहून कितीतरी मोठा होतो. शिवाय शेजारी मोठी रक्तवाहिनी असेल, तर वाहते रक्त उष्णता ओढून नेते आणि कडेला जिवंत पेशी उरण्याचा धोका राहतो. सहा-सात सेंटीमीटरच्या गाठीसाठी केवळ सुईच्या भरवशावर राहता येत नाही.

आता, न दुखणारी एवढीशी गाठ सापडणार कशी? भावाची गाठ 2.2 सेंटीमीटरची असताना सापडली, ती सहामाही सोनोग्राफीत. त्याला हिपॅटायटिस बी असल्याचे अकरा वर्षांपूर्वीच कळले होते. परंतु त्यातली बरीच वर्षे त्याचे नेहमीचे डॉक्टर 'त्रास नाही ना, मग कशाला तपासण्या' असे म्हणून यकृताचे टॉनिक लिहून देत राहिले. पुढे दुसऱ्या एका तरुण डॉक्टरीणबाईंनी सिऱ्होसिस (यकृत निबर होण्याचा विकार) ओळखला आणि चिठ्ठीवर औषधांच्याही वर पुढच्या सोनोग्राफीची तारीख लिहिली. आमचे नशीब त्या एका ओळीवर फिरले, असे मी मानतो.

सिऱ्होसिस दारूने झालेला असो, फॅटी लिव्हरने असो वा विषाणूने, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी हवीच. हिपॅटायटिस बीच्या काही रुग्णांना ती सिऱ्होसिस नसतानाही लागते. 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात हिपॅटायटिस बी आणि सी यांची तपासणी व औषधे मोफत मिळतात, हे मोठेच काम आहे. पण हिपॅटायटिस सीचा विषाणू गेला की रुग्ण सुटकेचा निःश्वास टाकतो आणि सोनोग्राफी बंद करतो. यकृत आधीच निबर झालेले असेल, तर कर्करोगाची भीती त्यानंतरही उरते. अ‍ॅब्लेशननंतरही तेच : जळते ती गाठ, उरलेले यकृत जुनेच, आणि पाच वर्षांत निम्म्याहून अधिक रुग्णांत पुन्हा गाठ दिसते. म्हणून भावाला आता दर तीन महिन्यांनी स्कॅन करावा लागतो.

माझी विनंती एवढीच, की अशी बातमी छापताना 'विनाशस्त्रक्रिया' या शब्दाइतक्याच ठळक टाइपात '3 सेंटीमीटर' आणि 'दर सहा महिन्यांनी' हेही छापावे.

आपला,
एक वाचक, कराड