ब्रेक फेल झाले नव्हते, तापले होते

संपादक महोदय,

उतारावर ट्रेलर उलटला की बातमीत ठरलेले वाक्य येते: ‘ब्रेक निकामी झाल्याने चालकाचा ताबा सुटला.’ एकतीस वर्षे मी अवजड गाड्यांचे ब्रेक खोलतो आणि बांधतो. हे वाक्य वाचून दर वेळी जीव तळमळतो, कारण त्यातून कुणालाच काही कळत नाही.

तीन ॲक्सलचा एक भरलेला ट्रेलर चालकाने रात्री उतारावर कसाबसा थांबवला होता. पेडल पूर्ण दाबले तरी गाडी धरत नव्हती, असे तो पुन्हापुन्हा सांगत होता. मी सकाळी पोचलो. टाकीत हवेचा दाब पुरेसा, 8 बार, गळती कुठे नाही, पेडल दाबताच सगळी चाके जाम. मालक म्हणाला, ड्रायव्हर खोटे बोलतोय. मी गाडीखाली शिरलो, प्रत्येक पुशरॉडवर, म्हणजे हवेच्या जोराने पुढे सरकून ब्रेक लावणाऱ्या दांड्यावर, खडूने खूण केली, ब्रेक लावायला सांगितला आणि पट्टीने मोजले. सहापैकी चार चाकांवर रॉड 50 मिलिमीटरपेक्षा जास्त बाहेर येत होता, म्हणजे ब्रेक ढिले होते. चालक खरे बोलत होता.

चाळीस टनांची गाडी 300 मीटर खाली उतरते, तेव्हा साडेतीनशे लिटर पाणी उकळेल एवढी उष्णता तयार होते. इंजिनाने आपला वाटा उचलला नाही, तर तिचा बहुतेक भार ब्रेकवर येतो. ट्रेलरचा ड्रम, म्हणजे चाकाबरोबर फिरणारा पोकळ लोखंडी डबा, साधारण 420 मिलिमीटर व्यासाचा असतो. तो 300 अंशांनी तापला की व्यास जवळजवळ दीड मिलिमीटर वाढतो, म्हणजे ड्रम त्याला आतून घासून थांबवणाऱ्या लायनरपासून दूर पळतो. तेवढे अंतर भरून काढायला पुशरॉडला आणखी आठ-दहा मिलिमीटर पुढे जावे लागते. आधीच ढिल्या ब्रेकचा रॉड मग त्याला ढकलणाऱ्या हवेच्या चेंबरच्या तळाला टेकतो. हवा पूर्ण असते, पण जोर लायनरपर्यंत पोचतच नाही. तापलेल्या लायनरची पकडही कमी झालेली असते. सकाळपर्यंत ड्रम थंड होऊन आवळतो आणि तपासणाऱ्याला सगळे ठीक दिसते. रात्रीचा पुरावा असा रातोरात पुसला जातो.

डिस्क, म्हणजे दोन्ही बाजूंनी पॅड आवळून थांबवायची चकती, उलटी वागते. तापली की ती जाड होते, पॅडकडे सरकते. उघड्यावर असते आणि दोन पृष्ठांमधल्या पोकळीतून हवा खेळते, त्यामुळे लवकर निवते. मर्सिडीजचा ॲक्ट्रॉस 1996 साली चारही बाजूंना डिस्क घेऊन आला, तेव्हापासून युरोपात ही गोष्ट नवलाची राहिलेली नाही. अमेरिकेने 2009 साली ताशी 96 किलोमीटर वेगावरून थांबण्याचे अंतर ट्रेलर ओढणाऱ्या बहुतेक ट्रॅक्टरसाठी (आपल्याकडचा ‘घोडा’) 108 मीटरवरून 76 मीटरवर आणले. ते मोठे ड्रम बसवूनही गाठता येते, हेही सांगायला हवे. पण पहिला ब्रेक आणि लांब उताराच्या शेवटचा दहावा ब्रेक सारखाच लागावा, यासाठी माझे मत डिस्कलाच.

डिस्कचेही दुखणे आहे. पॅड आवळणाऱ्या कॅलिपरच्या सरकपिना चिखलाने, गंजाने धरल्या की एकच पॅड झिजतो, आणि पुशरॉड बाहेरून मोजण्याची सोय तिथे नसते. चाक काढून पॅड आणि डिस्क मोजावी लागते. नवी डिस्क बहुधा 45 मिलिमीटर जाड असते, 37 वर आली की बदलायची. खाणीत फिरणाऱ्या गाड्यांना मी अजूनही ड्रमच सुचवतो.

खरी काळजी मिश्र जोडीची आहे. घोड्याला डिस्क आणि मागे जुना ड्रमचा ट्रेलर. ट्रेलरचे ड्रम तापून हातचे जातात, तरी पुढच्या डिस्क गाडी धरून ठेवतात, त्यामुळे चालकाला पायाखाली काही जाणवत नाही. जाणवते तेव्हा सगळे वजन घोड्याच्या चाकांवर ढकलत असते. नवा घोडा घेणाऱ्या मालकांना मी हात जोडून सांगतो, डिस्क घ्याच, पण मागच्या ट्रेलरसकट घ्या. ते जमेपर्यंत ड्रमचे पुशरॉड दर फेरीआधी मोजा. ढिला ब्रेक आपोआप आवळणारा ऑटोमॅटिक स्लॅक ॲडजस्टर असला तरी मोजा. तो पुन्हापुन्हा हाताने आवळावा लागत असेल, तर दोष दुसरीकडे आहे.

आणि आपल्या वार्ताहरांना विनंती. पुढच्या अपघातात चालकाला विचारा, गाडी कोणत्या गियरमध्ये होती, इंजिन ब्रेक चालू होता का आणि पुशरॉड शेवटचे कधी मोजले होते. उत्तरे मिळतील ती छापा.

आपला,
एक ब्रेक मेकॅनिक